हुनर मुलीच्या हातातही शोभतो

दहावीचा निकाल लागला की मुलाचं ठरलेलं असतं, आयटीआय. मुलगी विचारते, तेव्हा अम्मी-अब्बू म्हणतात, "वेल्डिंग, फिटिंग मुलींचं काम नव्हे."

इतिहास वेगळं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले. अमेरिकेतल्या रिचमंडच्या गोद्यांत ७४७ जहाजं बांधली गेली आणि त्यात हजारो बायकांनी वेल्डिंग केलं. युद्ध संपलं तसं त्यांना घरी पाठवलं. काम येत नव्हतं म्हणून नव्हे, जागा पुरुषांची मानली म्हणून.

आपल्याकडे १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं होतं. सुधा कुलकर्णींनी (आताच्या सुधा मूर्ती) जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हजारावर मुली गाड्या जोडतात.

शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने तर आपल्या दाराशी आहेत. सरकारी आयटीआयत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. वेल्डर एक वर्षाचा कोर्स, फिटर दोन वर्षांचा. सर्टिफिकेट हातात असलं की रोजी कुणाच्या मेहरबानीवर राहत नाही. यंदा मुलीलाही फॉर्म भरू द्या.