शिंपल्यांचे शत्रू : शिकारी सागरी गोगलगाई, त्यांची कुले व शरीररचना

कोकणच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, कालवे व शिनाणे गोळा करण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात महिला बचतगटांनी कालवे व शिनाणे यांच्या संवर्धनाचे कामही केलेले आहे. शेतातील पिकावर ज्याप्रमाणे कीड पडते, त्याप्रमाणे या जलशेतीलाही शत्रू आहेत. कालवांच्या खडकावर किंवा तिसऱ्यांच्या वाळूत पुष्कळदा आतील मांस नाहीसे झालेले, परंतु एरवी अखंड असलेले शिंपले आढळतात. त्यांपैकी काहींवर सुताराने गिरमिटाने पाडावे तसे एक वाटोळे भोक असते. हे भोक किड्याने पाडले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ते एका गोगलगाईचे काम असते. चोराच्या पावलावरून जसा माग काढता येतो, तसा या भोकावरून शिकारी गोगलगाईचे कुल ओळखता येते, आणि कुल ओळखले म्हणजे तिचा बंदोबस्त कोठे व कसा करावा हेही ठरविता येते. याकरिता या प्राण्यांचे वर्गीकरण व शरीररचना यांची थोडी माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

प्राणिसृष्टीतील स्थान

ज्यांचे शरीर मऊ असून त्याभोवती बहुधा चुन्याचे कवच असते, अशा प्राण्यांचा मृदुकाय हा एक मोठा संघ आहे. त्यातील तीन वर्ग आपल्या नित्य परिचयाचे आहेत. दोन शिंपांत राहणारी कालवे, तिसऱ्या व शिनाणे हा पहिला. डोक्याभोवती भुजा असणारे म्हाकूळ हा दुसरा. आणि पोटाच्या बाजूस असलेल्या मांसल पायावर सरपटणाऱ्या गोगलगाई व शंख हा तिसरा. या तिसऱ्या वर्गास उदरपाद असे नाव आहे. म्हणजे शिंपला आणि त्याला खाणारी गोगलगाय हे दोघे एकाच संघातील भाऊबंद होत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे उपायांचा विचार करताना तिचा उपयोग होणार आहे.

उदरपाद वर्गाचे गण पाडताना शास्त्रज्ञांनी अनेक पद्धती अवलंबिल्या. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योहानेस थीले यांनी १९२९ ते १९३५ या काळात प्रसिद्ध केलेले वर्गीकरण बराच काळ प्रमाण मानले जात असे. त्यानंतर शरीररचनेचा अधिक सूक्ष्म अभ्यास झाला व आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेची त्यास जोड मिळाली. त्यांच्या आधारे २००५ साली फिलिप बूशे व झां-पिएर रोक्रुआ यांनी नवी मांडणी केली आणि २०१७ साली तीत सुधारणा करण्यात आली. शिकारी कुलांपैकी बहुसंख्य कुले नवउदरपाद या गणात येतात. चंद्रगोगलगाई व त्रिशंख यांची कुले मात्र त्या गणाबाहेरची आहेत. यावरून मांसाहाराची सवय या वर्गात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, असे दिसते.

शरीररचना

सागरी गोगलगाईचे डोके, पाय व कवचाच्या आत वळलेला आंतरिक अवयवांचा पिंड असे तीन भाग असतात. पायाच्या मागील भागावर बहुधा एक झाकण असते. प्राणी आत शिरला म्हणजे ते कवचाच्या तोंडावर घट्ट बसते. शरीराभोवतीच्या त्वचेच्या पडद्यास प्रावार म्हणतात. कवच बनविण्याचे काम तोच करतो. प्रावाराच्या पोकळीत श्वसनासाठी क्लोम असतात.

शिकारी जातींत प्रावाराची कड पुढे वाढून तिची नळी झालेली असते. या नळीतून पाणी आत ओढले जाते व क्लोमाजवळील एका गंधेंद्रियावरून ते वाहते. शिकारी कुत्रा नाक इकडेतिकडे फिरवून वास घेतो, त्याप्रमाणे ही गोगलगाय आपली नळी फिरवून पाण्यात शिंपल्याचा वास कोणत्या दिशेने येत आहे, याचा शोध घेते. नळीसाठी कवचाच्या तोंडाशी एक खाच किंवा पन्हळ असते. म्हणून कवचास अशी खाच दिसली तर तो प्राणी बहुधा मांसाहारी आहे, असा प्राथमिक अंदाज करावा. मात्र या नियमास अपवाद आहेत. चिखलातील काही उंच मनोऱ्यासारख्या गोगलगाईंना आखूड खाच असूनही त्या केवळ गाळातील सेंद्रिय अंश खातात. उलटपक्षी, चंद्रगोगलगाईचे तोंड सरळ व बिनखाचेचे असूनही ती पक्की शिकारी आहे.

तोंडात सुताराच्या कानशीप्रमाणे दात बसविलेली एक लवचीक पट्टी असते, तिला रेत्रिका म्हणतात. पुढचे दात झिजले की मागून नवे दात पुढे सरकतात. दातांची संख्या व आकार हे वर्गीकरणाचे महत्त्वाचे लक्षण होय. चंद्रगोगलगाई व त्रिशंख यांच्या रेत्रिकेवर प्रत्येक ओळीत सात दात असतात. काटेशंखांच्या ओळीत तीनच असतात. शंकुशंखात तर कानस नाहीशी होऊन प्रत्येक दात पोकळ भाल्यासारखा झालेला असतो. शिकाऱ्यांचे तोंड पुष्कळदा लांब सोंडेच्या टोकाशी असते व ही सोंड शिंपल्याच्या आत घालता येते.

काटेशंखांचे कुल : म्युरिसिडी

खडकावरील कालवांचे व शिनाण्यांचे हे मुख्य शत्रू होत. कवच जाड, खडबडीत, गाठी किंवा काटे असलेले असते. झाकण शिंगासारख्या पदार्थाचे असते. यांच्या पायाच्या तळव्यात भोक पाडण्यास साहाय्य करणारे एक लहान इंद्रिय असते. गोगलगाय शिंपल्यावर बसून प्रथम हे इंद्रिय एका जागी टेकविते व त्याच्या स्रावाने तेथील चुना मऊ होतो. नंतर रेत्रिकेने ती तो भाग खरवडते. मऊ करणे व खरवडणे या क्रिया आळीपाळीने चालतात. जाड शिंपल्यास आरपार भोक पडण्यास कित्येक दिवस लागतात. भोक पडल्यावर सोंड आत घालून मांस खाल्ले जाते. हे भोक लहान, वाटोळे व सरळ भिंतींचे असते.

या कुलातील प्राण्यांच्या एका ग्रंथीच्या स्रावाचा प्रकाशात जांभळा रंग होतो. भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन फिनिशियन लोक यापासून राजवस्त्रांचा रंग काढीत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर यांना बारा हजार गोगलगाईंपासून केवळ १.४ ग्रॅम रंग मिळाला. यावरून त्या रंगाच्या किमतीची कल्पना यावी.

चंद्रगोगलगाईंचे कुल : नॅटिसिडी

या वाळूत राहतात व तिसऱ्यांसारख्या पुरून राहणाऱ्या शिंपल्यांची शिकार करतात. कवच गुळगुळीत, गोलसर व चकचकीत असते. काही जातींवर ठिपके किंवा पट्टे असतात. पाय इतका मोठा असतो की चालताना तो कवचाचा बराच भाग झाकून टाकतो. याच पायाने ही गोगलगाय सावज कवटाळून धरते व वाळूतच भोक पाडते. हिचे भोक पाडण्यास साहाय्य करणारे इंद्रिय पायात नसून सोंडेच्या टोकाशी असते. भोक बाहेरून रुंद व आत निमुळते, म्हणजे खिळ्याचे डोके बसविण्यासाठी सुतार करतो तसल्या उतरत्या कडांचे असते. अर्धवट राहिलेल्या भोकाच्या तळाशी मध्यभागी लहानसा उंचवटा दिसतो.

अंडी घालताना ती वाळूचे कण श्लेष्म्याने चिकटवून तळ नसलेल्या वाटीसारखी एक कडी बनविते. ओहोटीच्या वेळी अशा कड्या दिसल्या, तर त्या जागी चंद्रगोगलगाईंचा वावर आहे असे निश्चित समजावे.

त्रिशंखांचे कुल : सायमॅटिडी

प्रत्येक शिकाऱ्याच्या खुणेत भोक असतेच असे नाही. त्रिशंख कुलातील गोगलगाई शिंपल्याच्या फटीतून सोंड आत घालतात. त्यांच्या लाळेने सावज बधिर होते. मागे राहणारा शिंपला अखंड व स्वच्छ असतो. तमिळनाडूत तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ साली मोत्यांच्या संवर्धनात यश मिळविले. त्यानंतर तेथील मोत्यांच्या कालवांवर या कुलातील सायमेशियम सिंग्युलेटम व काटेशंखांपैकी म्युरेक्स व्हर्जिनियस या दोन जातींचा हल्ला होत असल्याचे १९८३ साली नमूद करण्यात आले. टांगलेल्या पिंजऱ्यातील कालवेही सुरक्षित नसतात, कारण शत्रूची पिले लहान असताना पाण्यातून तरंगत येऊन पिंजऱ्यात शिरतात व तेथेच मोठी होतात.

शंकुशंखांचे कुल : कोनिडी

हे कुल शिंपल्यांच्या मळ्यास फारसे उपद्रवी नाही, परंतु मनुष्यास धोकादायक आहे. म्हणून त्याची ओळख प्रत्येकास हवी. कवच शंकूच्या आकाराचे, तोंड अरुंद व लांब, आणि वर बहुधा सुरेख नक्षी असते. विषग्रंथीतील विष पोकळ दातात भरून सोंडेच्या टोकाने तो दात सावजाच्या अंगात भाल्यासारखा मारला जातो. काही जाती कृमी, काही इतर गोगलगाई व काही मासे खातात. मासे खाणाऱ्या कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसे दगावलेली आहेत. या विषावर उतारा उपलब्ध नाही. जिवंत शंकुशंख हातात घेऊ नये, खिशात किंवा ओटीत तर मुळीच टाकू नये. दंश झाल्यास रुग्णास हालचाल करू देऊ नये, दंश झालेल्या अवयवावर रुंद पट्टी बांधावी, तो अवयव स्थिर ठेवावा व त्वरित रुग्णालयात न्यावे. श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा. याच कुलातील कोनस मॅगस या जातीच्या विषाच्या अभ्यासातून निघालेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरील औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झाले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

सर्वच शत्रू नव्हेत

शिकारी म्हटला की तो शेतीचा वैरी, असे मात्र समजू नये. देवपूजेतील शंख, म्हणजे टर्बिनेला पायरम, हाही मांसाहारीच. परंतु तो वाळूतील कृमींवर जगतो. काही कुले मेलेले मासे खाऊन किनारा स्वच्छ ठेवतात. शिवाय शंखांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. म्हणून न ओळखता सरसकट नाश करू नये.

परदेशांतील अनुभव

शत्रू बहुधा माणूसच घरी आणतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील युरोसाल्पिंक्स सिनेरिया ही भोक पाडणारी गोगलगाय तेथील कालवांच्या बियाण्याबरोबर इंग्लंडात गेली व तेथील कालवांच्या मळ्यांस तिने उपद्रव दिला. जपान व चीनच्या समुद्रातील रापाना व्हेनोसा ही मोठी गोगलगाय १९४० ते १९५० या दशकात काळ्या समुद्रात आढळली. पुढे काही वर्षांतच गुदौता येथील कालवांचे नैसर्गिक साठे तिने उजाड केले. तिला आवर घालणारे तारामासे त्या समुद्रात नव्हते. १९९८ साली तीच जात अमेरिकेतील चेसापीक उपसागरात सापडली.

बंदोबस्ताचे उपाय

१. प्रथम रिकामे शिंपले तपासावेत. सरळ भोक असल्यास खडकावर व दांड्यांवर शोध घ्यावा. उतरत्या कडांचे भोक असल्यास वाळूत. भोक नसल्यास पिंजऱ्याच्या आत. शिंपल्याच्या कडा फुटलेल्या असल्यास ते खेकड्याचे काम असण्याचा संभव अधिक.

२. उधाणाच्या मोठ्या ओहोटीस उपद्रवी गोगलगाई हाताने वेचाव्यात. खडकास चिकटलेले काटेशंखांच्या अंडकोशांचे पुंजके खरवडून काढावेत व भरतीरेषेच्या वर नेऊन टाकावेत. ज्या जातींची पिले तरंगत येतात, त्यांच्या बाबतीत एकदा वेचून भागत नाही. वेचणी नियमाने करावी लागते.

३. कालवे तळावर न ठेवता तराफ्यावर किंवा मांडणीवर वाढवावीत, म्हणजे सरपटत येणाऱ्या शत्रूंस अटकाव होतो. पिंजरे ठराविक दिवसांनी उघडून साफ करावेत.

४. दुसऱ्या खाडीतील बियाणे आणताना ते निवडून घ्यावे. कालवे शिंपा घट्ट मिटून गोडे पाणी काही काळ सहन करतात, गोगलगाईस मात्र ते तितके मानवत नाही. म्हणून बियाणे गोड्या पाण्यात बुडवून घेणे हितावह ठरते. किती वेळ बुडवावे, हे आधी थोड्या कालवांवर अजमावून ठरवावे.

५. पाण्यात विषारी औषध कदापि टाकू नये. गोगलगाय व शिंपला एकाच संघातील असल्याने जे एकास मारते ते दुसऱ्यासही मारण्याचा संभव असतो. शिवाय तेच मांस आपल्या ताटात यावयाचे असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या खाडीतील भोके पडलेले शिंपले व तेथे मिळणाऱ्या गोगलगाईंची कवचे यांचा एक लहान संग्रह ग्रामपंचायतीत किंवा शाळेत करून ठेवावा आणि प्रत्येकाखाली सापडल्याचे ठिकाण व तारीख लिहावी. कोणता शत्रू कोणत्या महिन्यात व कोणत्या जागी वाढतो, हे दोनतीन वर्षांच्या नोंदींवरून स्पष्ट होईल. शेतकरी ज्याप्रमाणे पानावरील छिद्र पाहून अळी ओळखतो, त्याप्रमाणे खाडीकाठच्या प्रत्येक घरी शिंपल्यावरील भोक वाचता आले, तर पुष्कळसे नुकसान वेळीच टाळता येईल.