घराचे मोठे नूतनीकरण : नियोजन, करार आणि कंत्राटदारावरचा भरवसा

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत १९७० ते १९९५ या काळात उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आता सुमारे तीस ते पंचावन्न वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांतील अनेक सदनिकांत लोखंडी नळ आतून गंजलेले असतात, वायरिंग आजच्या उपकरणांचा भार पेलण्यास अपुरे पडते आणि न्हाणीघराची ओल खालच्या घराच्या छतावर दिसू लागते. अशा घराचे नूतनीकरण म्हणजे केवळ रंग आणि लाद्या बदलणे नव्हे. भिंतीत, जमिनीत आणि छतात दडलेल्या यंत्रणा उघड करून नव्याने बसवण्याचे ते काम असल्यामुळे त्यात पैसा मोठा लागतो आणि चुका दुरुस्त करणे महाग पडते. या कामासाठी 'भरवशाचा कंत्राटदार' हवा हे सर्वांनाच पटते, परंतु भरवसा ओळखीपाळखीतून आपोआप येत नाही. पहिला हातोडा पडण्यापूर्वी ज्या गोष्टी मोजून, ठरवून आणि लिहून ठेवल्या जातात, त्यांच्यावरच तो टिकतो.

इमारतीची रचना आणि तिच्या मर्यादा

नियोजनाची सुरुवात इमारत कोणत्या पद्धतीने उभी आहे हे समजून घेण्यापासून होते. जुन्या चाळी, वाडे आणि काही बैठ्या इमारती भारवाही भिंतींच्या असतात, म्हणजे छताचा भार थेट भिंतींवरून पायात उतरतो आणि म्हणून त्यांतील कोणतीही जाड भिंत काढणे किंवा तिच्यात मोठे भगदाड पाडणे धोक्याचे असते. त्यानंतरच्या बहुतेक इमारती आर.सी.सी. सांगाड्याच्या असून त्यांत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलमवरून पायात जातो. अशा इमारतीत मधली पातळ वीटभिंत हलवता येण्याची शक्यता असली, तरी कॉलम वा बीम तासणे, त्यांत पाइपासाठी भोके पाडणे किंवा स्लॅबमध्ये खोल झिरी मारणे सर्वथा वर्ज्य आहे. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या अंतर्गत बदलांत आधारखांबांना हात लावला गेल्याचा आरोप पुढे आला होता. एका सदनिकेतील काम संपूर्ण इमारतीच्या जिवावर कसे बेतू शकते, याची जाणीव त्या दुर्घटनेने करून दिली.

भाराचा प्रश्न लाद्यांच्या बाबतीतही येतो आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. भारतीय मानक आय.एस. ८७५ नुसार निवासी खोल्यांसाठी माणसे, सामान व फर्निचर यांचा, म्हणजे चल भाराचा, हिशेब प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो धरला जातो. जुनी फरशी न काढता तिच्यावर ४० मिलिमीटर मसाला आणि व्हिट्रिफाइड लादी बसवली, तर प्रति चौरस मीटर सुमारे १०० किलो वजन स्लॅबवर कायमचे वाढते. फरशी उखडण्याचा खर्च वाचवण्याच्या मोहात चल भाराच्या निम्मे ओझे स्लॅबवर चढते, म्हणून जुना थर काढूनच नवा टाकण्याची अट अंदाजपत्रकातच लिहिलेली असावी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीची दर ३ वर्षांनी करावी लागते. संस्थेकडील शेवटचा तपासणी अहवाल मागवून तो संरचना अभियंत्याला दाखवणे हा नियोजनातील सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी टप्पा ठरतो. अंतर्गत बदलांसाठी संस्थेच्या समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते; महापालिका अधिनियमांत गिलावा, रंग, लाद्या बदलणे, न्हाणीघराची दुरुस्ती अशी नित्य दुरुस्तीची कामे आणि घराच्या मूळ मापांत वा रचनेत बदल करणारी कामे यांत फरक केलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी महापालिकेची परवानगीही तपासून घ्यावी.

परिमाणपत्रक : वादाचे मूळ उपटणारा कागद

बहुतेक वाद कंत्राटदाराच्या वाईट हेतूतून उद्भवत नाहीत, तर कोणते काम, किती आणि कोणत्या प्रतीचे हे न लिहिल्यामुळे उद्भवतात. परिमाणपत्रक म्हणजे प्रत्येक कामाचे वर्णन, एकक, परिमाण, दर आणि रक्कम यांचा तक्ता. त्यात 'प्लंबिंग, एकरकमी' असे न लिहिता पाइपाचा प्रकार, व्यास, लांबी, जोडण्यांची संख्या व कंपनी नमूद करावी. 'प्लायवूड' असे न लिहिता ओलाव्याच्या जागी आय.एस. ७१० चा मरीन प्लाय आणि कोरड्या जागी आय.एस. ३०३ चा प्लाय, जाडीसह, असे स्पष्ट करावे. वायरिंगमध्ये दिव्यांसाठी सामान्यतः १.५, साध्या प्लगसाठी २.५ आणि गिझर वा वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, तसेच विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक उपकरण, यांची नोंद असावी.

मोजमापाची पद्धतही आधीच ठरवावी लागते. गिलाव्याच्या मोजणीत दार-खिडक्यांची वजावट किती करायची हा नेहमीचा तंटा आहे. आय.एस. १२०० या मानकानुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या भागाची वजावट होत नाही, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या मोकळ्या भागाची वजावट भिंतीच्या एकाच बाजूची होते, तर त्याहून मोठ्या मोकळ्या भागाची दोन्ही बाजूंची वजावट करून चौकटीच्या कडांचे क्षेत्रफळ वेगळे धरले जाते. हा नियम करारात एका ओळीत लिहिला, तर बिलाच्या वेळी फीत घेऊन भांडण्याची वेळ येत नाही.

कामे सामान्यतः तीन प्रकारे दिली जातात. मजुरीच्या करारात माल घरमालक आणतो आणि कंत्राटदार फक्त कारागीर पुरवतो. मालासह दराच्या करारात प्रत्यक्ष मोजमापानुसार पैसे दिले जातात. आणि एकरकमी करारात संपूर्ण कामाची एकच किंमत ठरते. पहिल्या प्रकारात मालावर ताबा राहतो पण घरमालकाचा वेळ आणि धावपळ वाढते. तिसरा सोयीचा दिसतो, परंतु नकाशे आणि परिमाणपत्रक अपुरे असताना तोच सर्वाधिक फसवा ठरतो. जुन्या घरात तोडफोडीनंतर नवे दोष उघडे पडत असल्यामुळे मालासह दराचा करार बहुधा अधिक न्याय्य ठरतो, आणि अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम अकल्पित कामांसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे असते.

निवड आणि करार

एकाच परिमाणपत्रकावर किमान तीन कंत्राटदारांचे दर मागवले, तरच त्यांची तुलना अर्थपूर्ण होते. नुकतेच पूर्ण झालेले काम चकचकीतच दिसते. म्हणून कंत्राटदाराने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेले घर पाहावे, तेथील न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आहे का हे तपासावे आणि तक्रार आल्यावर तो परत आला का, हे त्या कुटुंबाला विचारावे. गवंडी, प्लंबर व सुतार यांच्या त्याच्याकडील नेहमीच्या जोड्या आहेत की प्रत्येक कामाला नवी माणसे येतात, विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून होते का आणि कामगारांचा अपघात विमा आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. इतरांपेक्षा फारच कमी दर आला, तर कोणती बाब वगळली आहे हे शोधावे.

विक्री वा नव्या वाटपाशी संबंध नसलेली दुरुस्ती आणि नूतनीकरण यांना २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील नोंदणी लागू होत नाही; म्हणजे नव्या घराच्या ग्राहकाला महारेराकडून मिळणारे संरक्षण येथे मिळत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा यांचा आधार असला, तरी त्या दोन्हींपुढे लेखी पुरावाच बोलतो. करारात नकाशे व परिमाणपत्रक जोडलेले असावे, मुदत आणि विलंबाची भरपाई लिहिलेली असावी, वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की वेगळा आहे हे स्पष्ट असावे, आणि बदलाचे प्रत्येक काम दर व वाढीव मुदत लिहून सही झाल्यावरच सुरू व्हावे.

पैसे दिनांकानुसार न देता टप्प्यानुसार द्यावेत. सुरुवातीची उचल मर्यादित ठेवून तोडकाम, नळ व वायरिंग, गिलावा, लाद्या, सुतारकाम आणि रंग या टप्प्यांना हप्ते जोडले, तर कामाच्या मागे किंवा पुढे पैसा धावत नाही. एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के अनामत राखून ठेवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात गळतीची खरी परीक्षा पावसाळ्यात होत असल्याने दोषदुरुस्तीच्या मुदतीत एक संपूर्ण पावसाळा येईल अशी व्यवस्था करावी.

कामाचा क्रम

दसरा-दिवाळीनंतर मे अखेरपर्यंतचा कोरडा काळ अशा कामांना सोयीचा असतो, मात्र छठ आणि होळीला अनेक कारागीर गावी जात असल्याने ते दिवस वेळापत्रकात आधीच सोडावे लागतात. भिंतीतील नळ बुजवण्यापूर्वी दाबाखाली पाणी भरून गळती तपासावी आणि नळ-वायरींच्या मार्गांची मोजपट्टी लावून छायाचित्रे घ्यावीत. न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबवर जलरोधक थर दिल्यानंतर किमान ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहावे आणि मगच लाद्या बसवाव्यात. जमिनीला दर मीटरमागे निदान १० मिलिमीटर उतार ठेवावा. सिमेंटकामाला सात ते दहा दिवस पाणी मारणे आवश्यक असते आणि नवा गिलावा पुरता सुकण्यापूर्वी दिलेला रंग सोलतो, म्हणून घाईने वाचवलेले दिवस पुढे खर्चाच्या रूपाने परत येतात. तोडफोडीचे डेब्रिज ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता महापालिकेने नेमलेल्या ठिकाणी नेण्याची जबाबदारी आणि तिचा खर्चही करारात असावा.

या सगळ्या कागदपत्रांचा उद्देश कंत्राटदाराला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे हा नाही. घरमालक अर्ध्या कामात लादी बदलतो, स्वयंपाकाचा ओटा दुसऱ्या भिंतीला हलवतो किंवा बिल अडवून ठेवतो, तेव्हा तेच परिमाणपत्रक आणि सही झालेला बदलाचा कागद कंत्राटदाराच्या कष्टाचे मोल राखतात. आपले माप, दर आणि दोषदुरुस्तीची हमी लिहून द्यायला जो कंत्राटदार कचरत नाही आणि ठरल्या टप्प्यावर पैसे द्यायला जो घरमालक चुकत नाही, त्या दोघांमध्येच भरवसा निर्माण होतो. म्हणून भरवशाचा कंत्राटदार शोधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्या शोधाइतकीच मेहनत स्वतःचे नियोजन पक्के करण्यासाठी घेतली पाहिजे.