साध्या दिवसाची तसबीर

जुन्या मराठी घराच्या दिवाणखान्यात भिंतीवर काय असते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. मधोमध श्रीमंत सयाजीराव महाराजांची तसबीर, तिच्या एका अंगाला पगडी घातलेले आजोबा, दुसऱ्या अंगाला मुंजीचा नाही तर लग्नाचा ग्रूप. खुर्च्या स्टुडिओच्या, पाठीमागचा रंगवलेला पडदाही स्टुडिओचा, आणि अंगावरचा शालू त्या दिवसापुरता पेटीतून बाहेर काढलेला. सगळे जण श्वास रोखून समोर पाहत आहेत. हेच आजोबा रोज सकाळी पंचा नेसून तुळशीला पाणी घालताना कसे दिसत असतील? आजी भाकरी थापताना कपाळावरची बट कोणत्या हाताने मागे सारीत असेल? भिंतीवरच्या तसबिरी याविषयी एक अक्षर बोलत नाहीत.

यात आपल्या पूर्वजांचा दोष नव्हता. काचेची प्लेट महाग, फोटोग्राफरचे बिल त्याहून महाग. तेव्हा फोटो काढायचा तो सणासमारंभाला, हा व्यवहार ठीकच होता. पुढे फिल्मचा रोल आला, तो छत्तीस फोटोंचा. तोही वाढदिवस, सहल आणि सत्यनारायण यांतच संपे. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, एका दिवसात शंभर फोटो निघतात. पण नीट पाहिले तर विषय तेच आहेत: लग्न, सहल, हॉटेलातले ताट. साधन स्वस्त झाले, परंतु साधा दिवस अजून फोटोबाहेरच राहिला.

रोज एक फोटो, आणि तोही काही विशेष नसलेल्या दिवसाचा, ही कल्पना कोणाला परदेशी वाटेल. पण तिच्या अगदी जवळची गोष्ट एका मराठी माणसाने १९१२ साली करून ठेवली आहे, आणि त्या माणसाचे आपल्या बडोद्याशी जवळचे नाते आहे. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून ते बडोद्याला आले आणि येथल्या कलाभवनात त्यांचा हात छायाचित्रणात बसला. प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवनातील फोटोग्राफीचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा या हुन्नरी विद्यार्थ्याला मोकळी करून दिली. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेल्यावर ते पुन्हा बडोद्यास आले, आणि येथे त्यांना एक वेगळीच अडचण आली. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, असा समज तेव्हा लोकांत होता. फोटोला बसायलाच कोणी तयार होईना.

१९१२ च्या एप्रिलात ते विलायतेहून चलच्चित्राची विद्या घेऊन परतले. पदरी पैसा नव्हता, आणि हिंदुस्थानात चित्रपट काढता येतो यावर विश्वास ठेवायला सावकार राजी नव्हते. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीची चित्रे घेतली. दाणा फुगला, अंकुर वर आला, पाने फुटली, वेल चढू लागला. हे सगळे त्यांनी सुमारे मिनिटभराच्या पटात दाखवले. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. तो पट पाहूनच पैसे देणारी माणसे पुढे आली, आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला.

त्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे कोणी कोणी सांगतात. पण हिशेब केला तर ते जमत नाही. त्या काळचा पट सेकंदाला सुमारे १६ चित्रांच्या गतीने फिरे. म्हणजे मिनिटाला ९६० चित्रे झाली. ती महिनाभरात वाटली तर दिवसाला तीसबत्तीस येतात. रोज तीसबत्तीस वेळा त्याच कुंडीपुढे उभे राहायचे, प्रकाश सारखा ठेवायचा, कॅमेरा तसूभर हलू द्यायचा नाही, आणि प्रत्येक वेळी समोर दिसणार काय, तर मघाशी दिसला तोच वाटाणा! आमच्या गायनाच्या धंद्यात याला रियाज म्हणतात. एक दिवसाच्या मेहनतीने गळ्यात काय फरक पडला, हे गाणाऱ्यालाही कळत नाही. वर्षाने ऐकणाऱ्याला कळते.

या पटाची मौज अशी की, त्यात नवल वाटावे असे काहीच नाही. वाटाणा उगवतो हे कोणाला ठाऊक नव्हते? पण उगवताना तो कोणी पाहिला नव्हता. डोळ्याला फक्त ‘काल’ आणि ‘आज’ दिसतात, आणि ते दोन्ही सारखेच वाटतात. त्यांच्या मधली वाढ किंवा झीज दिसायला दिवसांची ओळ लावावी लागते.

चलच्चित्राच्या कलेचा जन्मही साध्या दिवसातूनच झाला आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ प्रथम दाखवले गेले. त्यांत राजाचा दरबार नव्हता की लढाई नव्हती. गाडी स्टेशनात शिरते आणि कारखान्यातले कामगार सुट्टी होऊन बाहेर पडतात, अशी ती चित्रे होती. ते खेळ पाहून वेडावलेले आपले सावेदादा भाटवडेकर यांनीही पुढे विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईत कुस्ती टिपली.

कामगार बाहेर पडण्याच्या चित्रावरून मला नेहमी भरवेली आठवते. भरवेली हे बालाघाटजवळचे मँगॅनीजच्या खाणीचे गाव. आमची थोरली बहीण तेथे दिली आहे, म्हणून माझे जाणेयेणे. बालाघाट हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे भाषावार रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, आणि तिथली मराठी घरेही तिथेच राहिली. येथली खाण भूमिगत मँगॅनीज खाणींत आशियातील सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक मानली जाते. आधी ती इंग्रजी कंपनीच्या ताब्यात होती, १९६२ पासून ‘मॉइल’कडे आहे. शंभराहून अधिक वर्षे माणसे त्या खाणीत राबत आहेत. आपल्या घरातल्या लोखंडी कपाटापासून रेल्वेच्या रुळापर्यंतच्या पोलादाला मँगॅनीज लागते, आणि विजेरीतल्या साध्या कोरड्या बॅटरीतही तेच असते. जगाच्या इतक्या कामी येणाऱ्या या गावाचा साधा दिवस मात्र कोणी टिपून ठेवलेला नाही.

मेहुण्यांनी त्या खाणीत तीस वर्षे काढली. ताईच्या घरी त्यांचे दोनच मोठे फोटो आहेत: एक लग्नातला, दुसरा निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घातलेला. दिवा लावलेली टोपी डोक्यावर, पायांत जड बूट, हातात डबा, अशा वेशात हा माणूस तीस वर्षे पाळीला गेला. त्याचा एकही फोटो नाही. ते गेल्यानंतर नातीने विचारले, “आजी, आजोबा कामावर जाताना कसे दिसायचे गं?” ताई म्हणाली, “अगं, सगळे दिसतात तसेच.” त्याहून अधिक सांगता येईना.

त्या मुलीने मग एक नेम धरला. रोज पाळी सुटण्याच्या सुमारास ओट्यावरच्या ठरलेल्या खांबाशी उभे राहायचे आणि समोरच्या रस्त्याचा एक फोटो काढायचा. एकच. सुंदर आला तर ठीक, नाही आला तरी तोच ठेवायचा. पहिल्या महिन्यात घरातले सगळे तिला हसले. मी गेलो तेव्हा तिने मला दीडशे फोटो ओळीने दाखवले. पहिले वीसपंचवीस पाहताना मला जांभई आली, हे खरे. पुढे मात्र डोळा लागत गेला. कडुनिंबाची सावली रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकत होती. एका कामगाराची सायकल जाऊन तिथे मोटारसायकल आली होती. पावसाळ्यात रस्त्याला पडलेला खड्डा दसऱ्याला बुजला आणि पुन्हा पडला.

आणि या सगळ्यांत कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, हातात दुधाची बरणी घेऊन चाललेले. जवळजवळ एक दिवसाआड ते फोटोत होतेच. एका तारखेनंतर मात्र ते दिसत नव्हते. घरच्या मंडळींना तेराव्यासाठी फोटो हवा होता, आणि त्यांच्याजवळ आधारकार्डावरचा तेवढा निघाला. त्या चेहऱ्यात त्यांचे वडील नव्हते, असे त्यांचा मुलगा म्हणाला. शेवटी तो मुलीकडे आला. साठसत्तर फोटोंतून त्यांनी एक निवडला. म्हातारबुवा एका कुत्र्याला दटावीत आहेत आणि दटावता दटावता हसत आहेत. बरणी हातात आहेच. तोच आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे. त्या मुलीला काही त्यांचा फोटो काढायचा नव्हता. ती रोजचा रस्ता टिपत होती, आणि रस्त्यात माणूस आला.

त्याच मुलखातली आणखी एक गोष्ट. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी धावे. २०१५ साली जबलपूर–नैनपूर भागातली छोटी गाडी बंद झाली आणि २०२० पर्यंत गोंदिया ते जबलपूर सगळा मार्ग रुंद झाला. लोकांची सोय झाली, ते चांगलेच झाले. अशी गाडी बंद होते तेव्हा शेवटच्या दिवशी तिचा फोटो काढायला गर्दी उसळते. पण शंभर वर्षे ती रोज मुले, भाज्यांच्या पाट्या आणि पाहुणे घेऊन गेली, त्यांतल्या एखाद्या बुधवारचा फोटो कोणाकडे आहे? निरोपाचा फोटो म्हणजे पुन्हा समारंभाचाच.

परदेशात असा नेम चालवलेल्यांत न्यूयॉर्कचे जेमी लिव्हिंग्स्टन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो त्यांनी काढला, आणि हे व्रत २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे त्यांच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांच्या मृत्यूनेच संपले. साडेअठरा वर्षांची ती चळत आहे. तीत मित्र आहेत, जेवणे आहेत, खेळ आहेत. अखेरीस दवाखाना आहे आणि त्याच दिवसांत झालेले लग्नही आहे. बोस्टनचे कार्ल बेडन यांनी २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात केली. आणि दूर कशाला जायचे? आपल्याच बडोद्यात ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गावोगाव हिंडून भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण यांचे फोटो घेतले. त्यांतल्या कित्येक भिंती पुढे सिमेंटच्या झाल्या. चित्रे उरली ती फोटोंत.

वाचकांपैकी कोणाला हा नेम धरावासा वाटला तर चारदोन गोष्टी सांगतो. जागा आणि वेळ ठरवावी. रोज नवे शोधू लागले की नेम पंधरा दिवसांत मोडतो. फोटो एकच ठेवावा, कारण दहा ठेवले की निवडायचे राहून जाते आणि पाहायचेही. तारीख, वार आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. नावे नसलेल्या फोटोतले काका दुसऱ्या पिढीत ‘कोणीतरी’ होतात. फोटो फोनमध्ये ठेवून विसंबू नये, महिन्याचे महिन्याला कागदावर उतरवावेत. त्यांतही चांगला कागद घ्यावा, कारण चाळीस वर्षांपूर्वीचे रंगीत फोटो तांबूस पडले आहेत आणि पणजोबांचे काळेपांढरे अजून स्पष्ट आहेत. आणि माणसाला विचारावे. ज्याला फोटो नको, त्याच्यापुढून कॅमेरा खाली घ्यावा. दादासाहेबांच्या काळच्या लोकांची भीती भाबडी होती खरी, पण आपला चेहरा दुसऱ्याच्या हाती देताना माणसाला संकोच वाटतो, तो भाबडा नव्हे.

गायनशाळा येथे १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केली. उस्ताद फैयाज खाँसाहेब येथे गायले. त्यांच्या तबकड्या आपण ऐकतो, आणि ते भाग्यच आहे. पण दरबारी कलावंतांच्या घरातला पहाटेचा षड्ज, जुळवताना चढलेली-उतरलेली तार, ‘पुन्हा म्हण’ अशी वडिलांची हाक, हे सगळे हवेत विरले. त्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला मैफलीपेक्षा त्या पहाटेचीच उणीव अधिक भासते.

न्यायमंदिरातली न्यायालये २०१८ साली तेथून हलली. इमारतीचे फोटो हवे तितके मिळतील. पायऱ्यांवर पानाची पिशवी मांडीवर घेऊन पुकारा होण्याची वाट पाहणाऱ्या अशिलाचा मिळणे कठीण. मांडवीखालची सकाळ, दांडिया बाजारातली संध्याकाळ, आपल्याच वाड्यातला नळ आणि त्याभोवतीची भांडी आज जशी आहेत तशी आणखी वीस वर्षांनी असणार नाहीत. ती बदलतील तेही वाटाण्यासारखीच, कोणाच्या डोळ्याला न दिसता. उद्या सकाळी कोणताही सण नाही, कोणाचा वाढदिवस नाही. पहिला फोटो काढायला याहून चांगला मुहूर्त कोणता?