हिमोग्लोबिन वाढेना? आतड्याकडेही पाहा

लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नाही. सोबत कित्येक महिन्यांचे जुलाब आणि पोटफुगी. अशा वेळी गोळी बदलत बसण्यापेक्षा आतडं तपासायला हवं. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. सीलिअ‍ॅक आजारात गहू, जव यांतल्या ग्लूटेनमुळे आपलीच प्रतिकारशक्ती तिथल्या अस्तरावर हल्ला चढवते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

रिपोर्ट वाचताना एकाच आकड्यावर अडकू नका. फेरिटिन कमी म्हणजे लोहाचा साठा आटलेला. मात्र शरीरात दाह असेल तर साठा आटूनही ते नॉर्मल दिसू शकतं. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि ड जीवनसत्त्व कमी, यकृताची एन्झाइम्स किंचित वाढलेली असतील, तर या सगळ्यांमागचं कारण एकच असू शकतं. सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी मोजणारी रक्तचाचणी करतात. सोबत एकूण आयजीएही पाहावं. तेच कमी असेल तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

एक कळकळीची विनंती: तपासणीआधी स्वतःच्या मनाने पोळी बंद करू नका. अँटिबॉडी घटतात आणि निदान हुकतं. निदान पक्कं झालं, की ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आणि भात खुशाल खा. फक्त पीठ गव्हाच्या गिरणीत दळू नका.