शॉपफ्लोरवरची इंग्रजी, भाग ९ : ‘रेडी’ म्हणायचं कुणी?

मागच्या आठवड्यात मशीन बंद पडल्यावर तोंडी येणारे शब्द पाहिले. या आठवड्यात मशीन सुरू होण्यापूर्वीचे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कुठल्याही शेडमध्ये शिफ्ट बदलताना उभं राहिलं, की हे शब्द कानावर पडतातच. सेटिंग झालं का, फर्स्ट पीस पास आहे का, मटेरियल रेडी आहे का, ट्रायल कधी मारायची. शब्द इंग्रजी, वाक्यं मराठी. या सगळ्यांचा अर्थ ढोबळपणे ‘तयारी’ असा लावता येतो, पण कारखान्यात ढोबळपणा स्क्रॅपच्या बिनमध्ये जाऊन पडतो.

अडचण अशी, की मराठीतला ‘तयार’ फार ओझं वाहतो. स्वयंपाक तयार असतो, नवरदेव तयार होतो, धाकटा भाऊ जमीन विकायला तयार नसतो, आणि दहा वर्षं रियाज केलेला गळाही तयारच. इंग्रजीत या चार जागी रेडी, ड्रेस्ड, विलिंग आणि ट्रेन्ड असे चार वेगळे शब्द लागतात. शाळेनं आपल्या हाती त्यातला पहिलाच दिला आणि आपण तो जिथं तिथं लावत सुटलो. त्यात मोशी, चिखली, रावेतच्या रस्त्यांवरचे ‘रेडी पझेशन’चे फलक रोज डोळ्यांसमोर. (त्यांच्या शेजारी ‘निअरिंग पझेशन’चाही फलक असतो. त्याचा अर्थ ज्यानं फ्लॅट बुक केलाय त्यालाच विचारावा.)

आधी रेडी आणि प्रिपेअर यांची फारकत करू. रेडी ही या क्षणाची अवस्था आहे, प्रिपेअर हे त्याआधी केलेलं काम. सकाळी सातच्या शिफ्टला सीएनसी लेथवर प्रोग्रॅम लोड आहे, टूल लावलेलं आहे, जॉब चकमध्ये पकडलेला आहे, दिवा हिरवा आहे. मशीन रेडी. पण स्पिंडल रात्रभर थंड पडलेला. तो फिरू लागला की तापतो, आणि तापला की लांबतो. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंश सेल्सिअसनं तापला तर साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. ड्रॉइंगवर १० मायक्रॉनचा टॉलरन्स असेल, तर पहिले काही जॉब ऑपरेटरची काहीही चूक नसताना बाहेर जाऊ शकतात. म्हणून जाणता माणूस आधी स्पिंडल रिकामा फिरवतो, हळू वेगापासून वाढवत नेतो. त्याला वॉर्म-अप म्हणायचं. वॉर्म-अप न केलेलं मशीन रेडी असतं, प्रिपेअर्ड नसतं.

आता सेटिंग. गावात या शब्दाला वेगळाच वास आहे. कुणाचं कुणाशी सेटिंग आहे ही चौकातली बातमी असते आणि टेंडरमधलं सेटिंग त्याहून मोठी. शॉपफ्लोरवर मात्र हा अतिशय सोज्वळ शब्द. फिक्श्चर बसवायचं, जॉ बदलायचे, टूल लावायचं, झीरो घ्यायचा, ऑफसेट भरायचा, हे सगळं मिळून सेटिंग. इंग्रजी ‘सेट’मध्ये हलणारी गोष्ट एका जागी पक्की करण्याचा भाव आहे. शाळेच्या शर्यतीत ‘ऑन युवर मार्क्स’ झालं, की ‘सेट’ म्हणतात आणि धावणारा त्या स्थितीत गोठतो, तोच हा सेट. म्हणून ‘मशीन इज रेडी’ आणि ‘मशीन इज सेट’ यांत फरक आहे. वीज आहे, हवा आहे, कूलंट आहे, एवढ्यावर रेडी म्हणता येईल. सेट म्हणजे या जॉबसाठी, या मापासाठी बांधलेलं. हे बांधणारा तो सेटर, बटण दाबून जॉब काढणारा तो ऑपरेटर, आणि दोघांच्या पगारात जो फरक असतो तो या एका शब्दाचा.

पण सेटरनं मान हलवली म्हणून प्रॉडक्शन सुरू होत नाही, आणि या भागातली मुख्य गोष्ट इथंच आहे. सेटर पहिला पीस काढतो, तो क्वालिटीच्या टेबलावर जातो, तिथला माणूस मायक्रोमीटर लावतो, गेज घालून बघतो, कागदावर सही करतो. त्याला फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणतात. ज्यानं सेट केलं त्यानं पास करायचं नाही, हा नियम. घरी आपण स्वतःच ‘मी तयार आहे’ म्हणतो आणि चप्पल घालतो. कारखान्यात आपल्या तयारीवर शिक्का दुसऱ्यानं मारायचा असतो, आणि तयारीचे पुढचे बहुतेक इंग्रजी शब्द या दुसऱ्या माणसाच्या बाजूनं बोलतात.

त्याकडे जाण्याआधी ‘सिंगल मिनिट’ची भानगड मिटवून टाकू. प्रेसशॉपच्या भिंतीवर ‘स्मेड’चा तक्ता लावलेला असतो. अद्याक्षरं सोडवली तर ‘सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय’. नवा पोरगा वाचतो आणि हबकतो, की एका मिनिटात डाय कसा बदलायचा? सिंगल मिनिट म्हणजे एक मिनिट नव्हे, एक आकडी मिनिटं. म्हणजे दहाच्या आत. ही कल्पना जपानच्या शिगेओ शिंगो यांची. १९६९ साली टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत होते. शिंगोंच्याच सांगण्यानुसार, जर्मनीत फोक्सवॅगन तशाच प्रेसवर हे काम दोन तासांत करत होती, म्हणून तिला मागं टाकायचा हुकूम वरून आला. वेळ दीड तासावर आला. मग व्यवस्थापनानं तीन मिनिटं मागितली, आणि तीही साधली.

साधली ती हात भराभर चालवून नव्हे. शिंगोंनी तयारीचे दोन भाग केले. प्रेस थांबवल्याशिवाय जे करताच येत नाही ते इंटर्नल सेटअप. प्रेस आधीचा जॉब काढत असतानाच जे उरकता येतं ते एक्स्टर्नल. डाय रॅकमधून काढणं, पुसणं, बोल्ट मोजून ट्रॉलीवर ठेवणं, उंची जुळवणं हे सगळं एक्स्टर्नल. आपल्याकडे वेळ जातो तो बहुतेक इथंच. प्रेस थांबते आणि मग क्रेन कुठंय, सोळाचा पाना कुणी नेला, याचा शोध सुरू होतो. तेल तापल्यावर कांदा चिरायला घेण्यातला प्रकार. ज्या फोक्सवॅगनला हरवायचं म्हणून ही खटपट झाली, तिचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, आणि त्याच पट्ट्यातल्या प्रेसशॉपच्या भिंतींवर शिंगोंचे तक्ते लागलेले आहेत.

पुढचा शब्द वजनदार आहे, पीपॅप. ‘प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस’. चाकणच्या मोठ्या गाडीवाल्यांना पार्ट देणाऱ्या प्रत्येक व्हेंडरची झोप यानं कधी ना कधी उडवलेली असते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी मिळून हा रिवाज घातला. चौथ्या आवृत्तीत त्यात १८ बाबी आहेत: ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, मापांचे निकाल, मटेरियलचे रिपोर्ट, गेजचा अभ्यास वगैरे. यादी पाठ करण्यात अर्थ नाही. त्यातली एक अट मात्र समजून घेण्यासारखी आहे. नमुन्याचे पार्ट टूलरूममधल्या सर्वांत हुशार फिटरकडून घासूनपुसून काढलेले चालत नाहीत. रोजच्या मशीनवर, रोजच्या टूलिंगनं, रोजच्या माणसांनी, एक ते आठ तासांच्या सलग उत्पादनातून काढलेले, आणि ग्राहकानं वेगळं ठरवून दिलं नसेल तर किमान ३०० पार्ट लागतात. त्यातले नमुने तपासायचे.

प्रोटो, पायलट आणि ट्रायल या शब्दांची गल्लत इथंच सुटते. प्रोटो हातानं बनवलेला असला तरी चालतो, कारण तो डिझाइन बरोबर आहे का हे सांगतो. पायलट लॉट लाईन बरोबर आहे का हे सांगतो. ट्रायल म्हणजे काहीतरी बदलून बघणं, मग तो नवा इन्सर्ट असो वा नवं तेल. ग्राहकानं ‘पायलट लॉट’ मागितल्यावर आपण ‘सॅम्पल रेडी आहे’ असं उत्तर पाठवलं, तर त्यानं विचारलं एक आणि आपण सांगितलं दुसरंच.

पीपॅपच्या शेवटी एक कागद असतो, त्याचं नाव पार्ट सबमिशन वॉरंट. वॉरंट म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. इथं तो हमीचा कागद आहे. पार्ट सगळ्या अटींत बसतो अशी सही व्हेंडर करतो, आणि त्याखाली ग्राहक आपला निर्णय लिहितो. ग्राहकाची सही येईपर्यंत तुमच्या शेडमध्ये पार्टची थप्पी लागलेली असली तरी तुम्ही रेडी नाही.

इंग्रजीतल्या ‘प्रिपेअर’चा पल्ला किती लांब असू शकतो, हे पाहायला लांब जायला नको. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला आणि इथलं पहिलं व्यावसायिक वाहन निघालं १९७७ मध्ये. मधली वर्षं मशीन टूल, प्रेस टूल, जिग आणि फिक्श्चर करण्यात आणि ती चालवणारी माणसं घडवण्यात गेली. तेव्हा टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकर यांचा हट्ट असा, की गाडी करण्याआधी गाडी करणारी मशीन आणि ती करणारे हात इथंच तयार झाले पाहिजेत. आजच्या हिशेबानं कुठला संचालक मंडळातला माणूस एवढी वर्षं थांबेल याची मला शंका आहे. पण पिंपरी-चिंचवडमधली लहान वर्कशॉप बघितली, की त्या तयारीचं पीक कारखान्याच्या कुंपणाबाहेरही किती आलं ते कळतं.

माणूस तयार करण्याचे शब्दही इथंच सांगून टाकतो. अप्रेंटिस हा १९६१ च्या कायद्याखाली शिकणारा, त्याला स्टायपेंड मिळतो, पगार नाही. ट्रेनी हा शब्द बहुधा कंपनीच्या मर्जीचा, त्याचा अर्थ नेमणूकपत्रात वाचूनच लावावा. इंडक्शन म्हणजे नव्या माणसाला पहिल्या दिवशी दिलेली ओळख. मात्र आपल्या पट्ट्यात इंडक्शन हार्डनिंगचं मशीनही असतं, त्यामुळे ‘उद्या इंडक्शनला ये’ म्हटल्यावर कुठल्या दारानं जायचं ते विचारून घ्यावं.

स्टँडबाय, स्पेअर, बफर हे तिघे भाऊ दिसतात, पण एका घरात राहत नाहीत. स्टँडबाय जागेवर जोडलेला असतो आणि पहिला थांबला की काम उचलतो, जसा वीज गेल्यावर सुरू होणारा डीजी सेट. स्पेअर स्टोअरमध्ये पडलेला असतो, आणून बसवावा लागतो. बफर म्हणजे मधे मुद्दाम ठेवलेला माल. जस्ट-इन-टाइमच्या, म्हणजे माल लागेल तेव्हाच आणण्याच्या, पुस्तकात बफर हे पाप आहे. पण ज्यानं चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात आपला टेम्पो अडकलेला पाहिलाय, तो दोन तासांचा बफर ठेवतोच आणि पुस्तक कपाटात ठेवतो.

‘पीएम’, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, भोसरी-चिंचवडच्या लहान शेडमध्ये गुरुवारच्या सुट्टीला उरकतात. प्रिव्हेंटिव्ह म्हणजे बिघडण्याआधीचं, एवढं पुरे.

राहिला मॉक ड्रिल. आयटीआयहून आलेल्या पोराला ड्रिल म्हणजे भोकं पाडायचं हत्यार. इथला ड्रिल कवायतीतला, आणि मॉक म्हणजे खोटा, सोंगाचा. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. १९८९ च्या नियमांनुसार, ठरावीक मर्यादेहून जास्त धोकादायक रसायनं बाळगणाऱ्या कारखान्यानं आवारातल्या आणीबाणीच्या योजनेचा मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायचा असतो. या क्षेत्रातला शब्द रेडीनेस नाही, प्रिपेअर्डनेस आहे. कारण आग कधी लागेल ते माहीत नसतं, त्या क्षणासाठी ‘रेडी’ राहणं माणसाला जमत नाही. आधी करून ठेवलेलं कामच उपयोगी पडतं. भोंगा झाला की असेम्ब्ली पॉइंटला जायचं. असेम्ब्ली लाईनला नव्हे! ही चूक विनोद म्हणून सांगितली जाते, पण फलकाचं मराठी भाषांतर नसलेल्या शेडमध्ये ती विनोद राहत नाही. असेम्ब्ली पॉइंटला हेडकाउंट होतो, आणि गेटवरच्या हजेरीशी आकडा जुळला नाही तर कुणीतरी आत राहिलं असं धरायचं. चार दिवस आधी वेळ जाहीर करून, फोटो काढून, नंतर वडापाव वाटून केलेला ड्रिल नियमात बसतो. त्यानं माणसं काही शिकत नाहीत.

शेवटी मुलाखतीपुरतं. ‘आर यू प्रिपेअर्ड टू वर्क इन शिफ्ट्स?’ असं विचारलं तर अभ्यास केलाय का असा अर्थ नाही, तुमची तयारी, म्हणजे राजीखुशी, विचारली आहे. उत्तर ‘येस, आय अ‍ॅम विलिंग’. ग्राहकाच्या मेलमध्ये ‘वुई आर प्रिपेअर्ड टू रिजेक्ट द लॉट’ असेल, तर लॉट अजून रिजेक्ट झालेला नाही, पण तसं करायला ते मागंपुढं बघणार नाहीत. तेव्हा उत्तराला उशीर नको. ‘प्रिपेअर्ड फॉर’ मात्र वेगळं. ‘आर यू प्रिपेअर्ड फॉर द ऑडिट?’ म्हणजे कागद, नोंदी, कॅलिब्रेशन झालं का. एवढ्याशा ‘टू’ आणि ‘फॉर’वर सगळं फिरतं. आणि ‘आर यू रेडी टू जॉइन?’ असं विचारलं, तर कधीपासून येऊ शकता ती तारीख सांगायची. नुसतं ‘येस सर, रेडी’ म्हणून थांबलात, तर समोरचा व्हर्निअर आणि एक जॉब पुढं सरकवून म्हणेल, ‘बरं, माप घेऊन दाखव.’