उंदीर पडला आणि शहर जागे झाले



गेल्या सुगीनंतर एका घरी भेटीला गेलो होतो. माळ्यावर शाळूची कणगी होती आणि आम्ही बोलत बसलो असताना वर उंदरांची पळापळ चालली होती. घरची म्हातारी सहज बोलून गेली, "फादर, उंदीर पळत्यात तवर भ्याचं काय न्हाई. पडाय लागले की भ्याचं." तिने हे आपल्या सासऱ्याच्या तोंडून ऐकले होते. त्याच्या लहानपणी गाठीचा रोग आला की सारे गाव उठून शेतात खोपटी घालून राही.

म्हातारीच्या बोलण्यात मोठे शास्त्र आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होतात आणि माणसाला चावतात. मग ताप येतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ उठते. रोग फुप्फुसात उतरला तर मात्र पिसवेचीही गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातूनच तो दुसऱ्याला लागतो. या रोगाचा जंतू 1894 साली हाँगकाँगमध्ये सापडला. बरोबर शंभर वर्षांनी, 1994 साली, तोच रोग आपल्या देशात पुन्हा उभा राहिला.

त्याची सुरुवात शहरात झाली नाही, खेड्यात झाली, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानी घ्यावे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने आजूबाजूच्या भागातही लोक घरे सोडून बाहेर छपरांत राहू लागले. धान्य मात्र मागे घरातच राहिले. त्यावर उंदीर माजले, असे जाणकारांचे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि मग माणसांना गाठी आल्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. सुरत हे तापीकाठचे कापडाचे आणि हिऱ्यांचे शहर. आपल्या खानदेशातील कितीतरी मराठी माणसे तेथे मागावर पोट भरतात. 1991 च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे 15 लाख होती. त्या पावसाळ्यात पूर येऊन गेला होता, गटारे तुंबली होती, मेलेली जनावरे आणि कचरा पडून होता. बातमी फुटताच लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले. अनेक खासगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलपे लावून गेले. सरकारी इस्पितळातील डॉक्टर आणि परिचारिका मात्र जागेवर राहिल्या. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या. पन्नासहून अधिक माणसे दगावली. तरीही लवकर औषध मिळालेला रोगी वाचत होता आणि काही आठवड्यांतच साथ ओसरली.

एवढ्यावरच थांबले असते तर सुरत पुन्हा पूर्ववत घाण झाले असते. मे 1995 मध्ये एस. आर. राव नावाचे अधिकारी तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले. रोज सकाळी अधिकाऱ्यांनी खुर्ची सोडून गल्लीबोळांत फिरायचे आणि दुपारी एकत्र बसून काय झाले, काय राहिले ते सांगायचे, असा नेम घातला. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला दंड बसू लागला. रस्त्यात आलेली बांधकामे पाडताना बड्या असामींचीही गय केली नाही. झोपडपट्ट्यांत नळ, गटारे व संडास नेले. पूर्वी निम्म्याच्या आसपास कचरा उचलला जाई, तो दहातील नऊ भाग उचलला जाऊ लागला. 1996 साली एका पाहणीत चंदीगडखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव आले. माणसे तीच होती आणि झाडूही तेच होते. बदलला तो नेम.

याउलट 1897 सालचे पुणे आठवावे. तेव्हाही साथ आटोक्यात आणण्याचाच हेतू होता. परंतु रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात, देवघरात घुसले. लोक रोगापेक्षा तपासणीलाच भिऊ लागले, रोगी लपवू लागले आणि अखेर 22 जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. त्यातच रोग लागून 10 मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्याला जवळ केल्याशिवाय साथ हटत नाही, हेच खरे.

आता आपल्या घराकडे वळू. कणगी किंवा पोती जमिनीवर ठेवू नयेत. उंच माचावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. माचाच्या पायांना पत्र्याची उलटी नरसाळी बसवावीत. बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. उकिरडा घरापासून लांब असावा. हे सर्व गल्लीने मिळून एकाच दिवशी करावे, नाही तर माझ्या घरचा उंदीर तुमच्या घरी पाहुणा येतो!

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांना हात लावू नये आणि लगेच उंदरांना विषही घालू नये. उंदीर मेले की पिसवा माणसांकडे धावतात, म्हणून आधी पिसवा माराव्या लागतात. तेव्हा प्रथम आरोग्य केंद्राला कळवावे. ताप आणि गाठ दिसली तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे करावे.

आणि साथीच्या शहरातून गावचा मुलगा परत आला, तर त्याला वेशीवर अडवून हाकलू नये. त्याला दवाखान्यात न्यावे, सांगतील तितके दिवस वेगळे ठेवावे, पण त्याचे ताट चुकवू नये. हाकललेला माणूस लपतो, आणि लपलेला रोग साऱ्या गावाला भोवतो.

त्या म्हातारीच्या घरची कणगी आता माचावर चढली आहे. तुमची कोठे आहे, ते आज संध्याकाळी एकदा पाहा.