आजी-आजोबांचाही हक्क!

बालमित्रांनो, आजी-आजोबा तुमचे लाड करतात. पण त्यांची औषधं वेळेवर येतात का, 'जेवलात का?' असं कुणी विचारतं का, हे कधी पाहिलंयत?

म्हातारपणी सांभाळ होणं ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. त्यासाठी आपल्या देशात २००७ साली कायदाच झाला. ज्या आई-वडिलांचं स्वतःच्या पैशांत भागत नाही, ते न्यायाधिकरणाकडे पोटगी मागू शकतात. अर्ज करणं झेपत नसेल, तर त्यांनी सांगितलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. जबाबदारी मुलाची तशीच मुलीचीही. आणि हो, सज्ञान झालेल्या नातवंडांचीसुद्धा!

'सांभाळीन' या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि मग पाठ फिरवली? ते घर परत मिळू शकतं. म्हाताऱ्या माणसाला कायमचं वाऱ्यावर सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वृद्धाश्रमात राहायला गेलं, तरी हे हक्क सुटत नाहीत.

अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन क्रमांक आहे. तो वहीत लिहून ठेवा. शेजारच्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, तर दार वाजवा आणि घरी मोठ्यांना सांगा. एवढं तर तुम्हाला आजही जमेल, नाही का?